नकाशातला उत्तरेकडचा कोपरा

प्रिय धाकट्या,

पत्र हातात पडलं की आधी शेवटचं पान बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस. क्रमानं वाच. आधी खुशाली उरकते: गुडघे कुरकुरतात, डोळे शाबूत आहेत, बाइंडिंगचं दुकान चालू आहे. संपली खुशाली. बाकी सगळा राग आहे, आणि तो तुला वाचावाच लागेल.

आपल्या दारूगोळ्याच्या डेपोची सफाई चाललीय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. आपला म्हणजे तुझा. चौदा वर्षं तू तिथं ट्रक चालवलास. डेपो बंद होऊन वीस वर्षं झाली, आणि आता सरकारला जाग आली, की त्या जमिनीत काय काय मुरलंय ते शोधून काढावं आणि मग तिथं शाळा बांधावी. चांगलंच आहे. नियमही चांगला आहे. सफाईचा अहवाल ग्रंथालयात लोकांसाठी तीस दिवस उघडा ठेवायचा, ज्याला शंका असेल त्यानं लेखी हरकत घ्यायची. कुणी काही बोललं नाही, तर जमीन साफ. आता या उघडेपणाची तऱ्हा ऐक. अहवाल बघायची वेळ सकाळी अकरा ते एक, फक्त कामाच्या दिवशी. म्हणजे ज्यांची पोरं त्या शाळेत जाणार, ते सगळे नेमके कामावर असताना. माहितीसाठी एक फोन नंबर दिलाय, त्यावर एक बाई गोड आवाजात सांगते की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी तीनदा महत्त्वाची ठरले आणि तीनदा कट झाले. दार सताड उघडं ठेवायचं आणि जिना काढून न्यायचा, असली ही खुली माहिती.

मी तो अहवाल वाचायला गेलेच नव्हते. तोच माझ्याकडे आला. ग्रंथपालाच्या हातून तो जाडजूड गठ्ठा जमिनीवर पडला, पिना निखळल्या, पानं सुटली. तो धावत आला नि म्हणाला, "ताई, उद्या अकराच्या आत शिवून द्या, नाहीतर माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "वाचायला कोण येतंय?" तर म्हणे, "आजवर दोघं आले. एकाला स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारायचं होतं."

तुला माहीत आहे, मी शाळेत चौथीपर्यंत गेले, बाकीची अक्कल शिवता शिवता वाचून आली. जे शिवायचं ते वाचायचं, हा माझा नेम. आणि बाइंडरचा पहिला धडा असा, की पुस्तकात घडीचा नकाशा असला तर तो कण्यात, पाठीच्या शिवणीत, कधी दाबायचा नाही. कापडाची पट्टी लावून तिच्यावर चिकटवायचा, म्हणजे तो पूर्ण उलगडतो. त्या शहाण्यांनी काय केलं होतं? नकाशाची चार घड्यांची चवड करून सरळ आरपार पिना मारल्या होत्या. उघडला तरी एक कोपरा कण्यातच अडकून राहायचा. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हे निव्वळ बेपर्वाईचं काम आहे, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. मुद्दाम करायलासुद्धा थोडी मेहनत लागते. मी पिना काढल्या, नकाशा टेबलावर पसरला, वर इस्त्री फिरवली. अडकलेला कोपरा उत्तरेचा निघाला. जुन्या विहिरीमागचा. बाकी नकाशाभर लाल ठिपके, तपासणीचे खड्डे, आकडे. तिथं मात्र कोरं. आणि खाली बारीक अक्षरांत: जुन्या नोंदींनुसार येथे कोणताही वापर झालेला नाही.

इस्त्री हातात तशीच राहिली. धाकट्या, जुनी नोंद तू आहेस.

तू विसरला असशील तर मी आठवण देते. त्या दुपारी तू बूट बाहेर काढून घरात आलास, कारण बुटांचे तळ मऊ पडून फरशीला चिकटत होते. हात बादलीत बुडवून बसलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "ताई, विहिरीमागं आज एकशेचाळीस पिंपं पुरली. इंजिनं धुवायचं रसायनाचं पाणी. दहाबारा फुटलेलीच होती. कुठं बोलू नकोस, आम्ही सही केलीय." डेपोतल्या सगळ्या घरांची रीतच होती ती, आतलं ते फाटकावर ठेवून यायचं. तू एकदाच चुकलास, एकदाच घरी घेऊन आलास, आणि मी ते गिळून टाकलं. तीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तेव्हा सगळा राग तुझ्या एकट्यावर काढतेय असं समजू नकोस. त्यातला अर्धा मी स्वतःच्या ताटात वाढून घेतलाय.

नंतर जाहीर सभा झाली. मी उठून उभी राहिले नि म्हटलं, विहिरीमागं खणून बघा. सफाईचे साहेब तरुण आहेत, वागायला गोड. म्हणाले, "आजी, तुम्ही स्वतः पाहिलंत का?" मी म्हटलं, "भावानं पाहिलं." "मग भाऊ कुठे आहेत?" मागून कुणीतरी बोललं, "भाऊ दुसऱ्या शहरात चहा पीत बसलेत," आणि सगळे हसले. साहेब म्हणाले, "ऐकीव गोष्टीवर आम्ही खड्डे खणत नाही, आजी." मला त्यांचा राग आला, पण खोटं कशाला बोलू, त्यांच्यापेक्षा तुझा जास्त आला. मी तुला पाच फोन केले. तीनदा तू म्हणालास रेंज नाही, दोनदा तुझी सूनबाई म्हणाली झोपलेत. दुपारी बारा वाजता!

सभेत हसली नाही ती एकच बाई, उंट्याची बायको. तुझ्या ट्रकवरचा तुझा साथीदार उंट्या. पिंपं खाली ढकलायला तोच होता ना? छातीच्या दुखण्यानं तो दोन वर्षं खुर्चीत बसून झोपला, आडवं होता येईना म्हणून. तो गेला तेव्हा तू आला नाहीस. गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणालास, आणि मी ते इथं सगळ्यांना सांगत फिरले. आता त्याची बायको माझ्याकडे पानं दुमडायला येते. सभेच्या दुसऱ्या दिवशी दुमडता दुमडता हळूच म्हणाली, "ताई, शाळा उभी राहिली की माझी नात तिथंच जाईल. तुमचा भाऊ एवढं एक वाक्य बोलणार नाही का हो?" डिंकाचा ब्रश कोरडा होईस्तोवर मी एकच कणा रंगवत बसले.

तुला त्या सहीची भीती वाटते, हे मला कळतं. ज्याच्यासाठी सही केली ते फाटक भंगारात गेलं, डेपोचे साहेब पेन्शन खाऊन देवाघरी गेले. तू कुणाचं गुपित राखतोयस? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. विहिरीचं पाणी आजही वास मारतं, नि नकाशा म्हणतो तिथं कुणी गेलंच नाही. म्हणजे तूही गेला नव्हतास, आणि उंट्या उगाचच मेला.

आता शेवटचं पान. काल हरकतीची मुदत संपत होती. मी अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं नाव आणि पत्ता. तिथं मी तुझं नाव लिहिलं, तुझा पत्ता लिहिला, पिंपांचा आकडा लिहिला आणि खाली माझी सही केली. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास. पुढच्या बुधवारी त्यांची माणसं तुझ्या दारात येतील आणि विचारतील, तुमची बहीण म्हणते ते खरं का. त्यांच्याआधी हे पत्र पोचावं, तुला बेसावध गाठलं असं होऊ नये, एवढ्यासाठीच लिहायला बसले. तू हो म्हणालास तर त्यांना खणावंच लागेल. नाही म्हणालास तर मी सगळ्या गावात खोटारडी ठरेन, आणि तेही मी सोसेन. पण मग मी भांडायला तुझ्याकडे येणार नाही. भांडायला तरी भाऊ असावा लागतो.

रागावलेली आणि बुधवारपर्यंत तरी तुझीच,
ताई