राल्फसाहेब, चंपा आणि माझी खुर्ची

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, नात आरोही लिहिणार. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे एकदम सेफ.
कारण, सात नंबरची चंपा. घोडपदेवच्या आमच्या चाळ कमिटीत बावीस वर्षं बायकांची मेंबर मी. काल नळावर चंपा म्हणाली, शांताकाकूंनी आता आराम करावा, यंदा मी उभी राहते. आराम म्हणे. हिच्या बाळंतपणात शेकशेगडी मी केली. सूड घेणार.

६ जानेवारी
आरोहीचा कॉलेजचा प्रोजेक्ट चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज खासदारावर. राल्फसाहेब. बावीस वर्षं पार्लमेंटात बसले, एकदाच बोलले: खिडकी लावा, वारा लागतो. माणूस पटला. मीही कमिटीत एकदाच बोलले, टाकीच्या झाकणाबद्दल. झाकण अजून नाही, पण मुद्दा गाजला.
पुढे शेजारच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने त्यांची सीट घेतली. साहेबांनी देवळातला त्याचा बाक उचलून बाहेर टाकला. आरोही म्हणते देऊळ नाही, चर्च. तेच ते.

७ जानेवारी
चंपाच्या दारातलं स्टूल उचलून जिन्याखाली टाकलं. दुपारी कळलं, स्टूल आपलंच, तिने दिवाळीत नेलेलं. असू दे. सूड तो सूड. गुडघा धरलाय.

११ जानेवारी
राल्फसाहेबांनी मतदारांना पोटभर बिअर पाजली. तेव्हा मत ओरडून द्यायचे, ते पिऊन व्यापाऱ्याचं नाव ओरडून आले. साहेब तिथे चुकले. मी घावणे घातले, सोबत नारळाचा रस. कौसल्या, सुंदराबाई धरून नऊ म्हाताऱ्या, सगळ्या माझ्यासारख्याच, शाळा न पाहिलेल्या. यंदा चंपाच्या हट्टाने छापील चिठ्ठ्या. मी सगळ्यांना पढवलं, वरचं नाव माझं, त्यावर फुली, खाली बघायचंच नाही. बावीस वर्षं कमिटीच्या फळ्यावर माझंच नाव वर असतं.
आरोही म्हणाली, आजी, तेव्हा एकच नाव असायचं. म्हटलं मध्ये बोलू नको, लिही.

१८ जानेवारी, संध्याकाळ
चंपा आठ मतांनी आली.
नावं खोलीच्या नंबराने लावलेली. ती सात, मी एकोणीस. नऊच्या नऊ म्हाताऱ्यांनी शब्द पाळला. दहावी फुली माझी. कौसल्या मघापासून पेढे मागतेय, म्हणते, आम्ही तर नीट वरच मारली गो.

१९ जानेवारी
सकाळपासून चंपाला सुनवायचं भाषण पाठ केलं. ज्या हातांनी तुझं पोर न्हाऊ घातलं, इथून सुरुवात. तिसऱ्या वाक्याला ती रडणार.
दुपारी चंपा आली. पेढे ठेवले, पाया पडली. म्हणाली, काकू, तुमच्या म्हाताऱ्यांनी तारलं मला. टाकीचं झाकण उद्याच बसवते.
मी भाषणाला तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच: जाताना दार लाव, वारा लागतो.