फॉइल कच्ची नव्हती

१२ मे, सोम.
डिटेक्टर फुटला. म्हणजे त्याची खिडकी, केसाहून पातळ प्लास्टिकची फॉइल. एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला निर्वात पोकळी. हवा छोट्या व्हॉल्व्हने हळूहळू काढायची असते, नाहीतर फॉइल फाटते. गाईड सरांबरोबर बाहेरचे पाहुणे होते. त्यांना दाखवायच्या घाईत सरांनी मोठा व्हॉल्व्हच उघडला. मी ‘सर, थांबा’ म्हणेपर्यंत फट्. वर पाहुण्यांना, "मुलांनी बनवलंय, फॉइल कच्ची असणार." मुलांनी म्हणे. वर्षभर मी एकटी खपतेय.

१३ मे
सर केबिनमध्ये: "रिपोर्टमध्ये फॉइल कमकुवत असं लिही, विषय संपव. ऑक्टोबरच्या प्रयोगात इम्पोर्टेड डिटेक्टर लावू. तुझा पुढच्या वेळी."
नाचता येईना, अंगण वाकडं. लिहिलं नाही. लिहिणारही नाही.

१७ मे, शनि.
लॅबची स्वच्छ खोली सरांनी दुसऱ्या ग्रुपला देऊन टाकली. मग नवी फॉइल घरीच. शिरगावात मे महिना आणि पंखे बंद, खिडक्या बंद. धुळीचा कण पडला की संपलं. अगरबत्तीही बंद, म्हणून आई भडकली.
"देवाला धूप नाही, आम्हाला वारा नाही. मोजतेस काय एवढं या डब्यात?"
म्हटलं, क्षणभर टिकणारे अणू. मशीनमधून येतात, यातून जातात, कोणता गेला ते हा सांगतो.
"ते क्षणभर, आणि मी दिवसभर घामात?"
तरी डोक्याला ओढणी बांधून फॉइल ताणायची रिंग धरायला बसली. अंबरनाथच्या वर्कशॉपमधून आणलेली रिंग, फॉइल तिच्यावर छान बसली. एक सुरकुती नाही. आईचा फार अभिमान वाटला.

२१ मे, बुध.
प्रयोगाच्या कमिटीची बैठक. सर म्हणाले, फॉइल कमकुवत होती. मी उठले.
"फॉइल चांगली होती. मोठा व्हॉल्व्ह तुम्ही उघडलात, सर."
अध्यक्षबाई म्हणाल्या, सोमवारी सर्वांसमोर नव्या फॉइलची चाचणी. टिकली तर ऑक्टोबरला हाच डिटेक्टर, फाटली तर इम्पोर्टेड.
जिन्यात सर: "थीसिसवर सही माझी लागते, लक्षात ठेव." लक्षात आहे.

२५ मे, रवि.
आई म्हणते, "सरांशी वाकडं घेऊन मिळणार काय तुला?" माहीत नाही. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू.
संध्याकाळी सरांचा मेसेज: उद्या व्हॉल्व्ह मी चालवेन.
उत्तर टाकलं: नाही सर. उद्या मी.
निळ्या खुणा आल्या.