खैरानचा दगडी शंख

कुवेत, ८ मार्च १९८१

ती. आईंना शामलाचा वाकून नमस्कार.

ह्यांची काळजी करू नका. ह्यांना इथे एक छान शत्रू मिळालाय. ह्यांच्याच लॅबमधले जगन्नाथ सोमण. दर शुक्रवारी दोघं खैरानच्या किनाऱ्यावर दगड झालेले जुने शंख शोधतात आणि परतताना गाडीत एकमेकांशी बोलत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत दोन प्रोफेसर म्हणे पुरातन हाडांवरून असेच भांडत. दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून हाडं फोडूनसुद्धा टाकत. इथे अजून तेवढी पाळी आलेली नाही.

गेल्या महिन्यात जगन्नाथभावजींची आई गेली. त्यांना वेळेत पोचता आलं नाही. परत आल्यापासून ते किनाऱ्यावर नुसते बसून राहायचे. परवा ह्यांना तळहाताएवढा अख्खा शंख सापडला. ह्यांनी तो माझ्याखेरीज कोणाला न दाखवता भावजींच्या पायाशी वाळूत पुरला.

भावजींना तो मिळाला. घरी येईपर्यंत त्यांच्या बढाया चालू होत्या आणि हे तोंड पाडून ऐकत होते. तुमचा मुलगा इतकं चांगलं खोटं बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं.

गुडघे कसे आहेत? ह्या वेळी दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहा. घरचं पत्र आलं का, असं हे हल्ली रोज विचारतात.

तुमची,
शामला