दोऱ्याची फुलं

गंजाड

प्रिय रश्मी,

कागदावर लिहितेय याचं नवल करू नकोस. फोनवर तुझ्या भरतकामाच्या मशीनचं नाव काढलं की तू लगेच वापीच्या उकाड्यावर घसरतेस, आणि मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून हे पत्र. आता निदान शेवटपर्यंत वाचशील.

डहाणूला तुझ्या घरी सगळे ठीक आहेत. श्यामकांतकाकांची स्टेशनवरची ड्यूटी पुन्हा बदलली, प्रभाकाकूंचे गुडघे तसेच आहेत, आणि मशीन तुझ्या खोलीत खिडकीपाशीच आहे. जाताना तू म्हणालीस, गिऱ्हाईक बघ आणि विकून टाक. मी हो म्हटलं, पण गिऱ्हाईक काही शोधलं नाही. उलट काकूंना विचारून दर रविवारी गंजाडहून एसटीने येते आणि तुझ्या मशीनवर बसते. रागवायचं तर रागव.

तू जिचे दागिने केलेस त्या नवरीच्या हळदीबद्दल आपण एकदाही बोललो नाही, तेव्हा आता मीच बोलते. विरघळत्या कागदावर मशीनने दोऱ्याचं फूल भरायचं, कागद पाण्यात गेला की लेसचं फूल तेवढं हातात राहतं, हे तू मला पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी तोंडात बोट घालून बघत राहिले होते. पाकळ्या ताठ राहाव्यात म्हणून तू फुलं अर्धवटच धुवायचीस, थोडा कागद दोऱ्यात मुरू द्यायचीस. डब्यात त्या फुलांचे हार काय देखणे दिसायचे! पण हळद म्हणजे तेल, पाणी आणि मे महिन्याचा घाम. त्या नवरीच्या अंगावर पहिला तांब्या ओतला आणि दोऱ्यातल्या कागदाचा चिकटा झाला. हार गळ्याला चिकटला, बिंदी केसांत गुंतली, आणि तिची मावशी भरल्या मांडवात म्हणाली, "आम्ही दागिने मागवले होते, गोंद नाही." तू नवरीच्या केसांतून पाकळ्या सोडवत बसलीस. महिन्याभरात वापीच्या कंपनीत लागलीससुद्धा. मला मावशीचा राग आला होता, पण तुझा जास्त आला. एका बाईच्या एका वाक्यावर कुणी आपलं काम टाकून देतं का?

तर मी काय केलं ते ऐक. पहिल्यांदा फुलं कोमट पाण्यात चांगली खळखळून धुतली, कागदाचा अंशही ठेवला नाही. ती भिजल्या फडक्यासारखी लोळागोळा झाली. मग वाटलं, ताठपणा कागदाचा कशाला, दोऱ्याचाच असू दे. आधी दोऱ्याची जाळी भरायची आणि तिच्यावर पाकळी. तुझ्या कॉम्प्युटरवर डिझाइन करताना माझी जाळी एकीकडे आणि पाकळ्या दुसरीकडे झाल्या. बादलीत टाकल्याबरोबर सगळ्या पाकळ्या सुट्या होऊन तरंगायला लागल्या. काकांनी चहाच्या गाळणीने त्या एकेक करून बाहेर काढल्या, काकू गाळणीसाठी ओरडल्या, आणि मी तिथेच बसून हसता हसता रडले. तुझी फार आठवण आली गं.

पावसाळ्यात कधीतरी ती जाळी जमली. हार धुतला, वाळवला, तरी पाकळ्या उभ्या. पण माझा विश्वास बसेना, म्हणून तो गळ्यात घालून सरळ भाताची रोपं लावायला, आवणीला गेले. दिवसभर चिखल, पाऊस, घाम. बांधावरून रखमीआत्या म्हणाली, "काय गो सुनिते, चिखलाशी लगीन लावतेस काय?" सगळ्या बाया कंबर धरून हसल्या. मी लाजले, आणि हसण्यावारी नेलं. संध्याकाळी विहिरीवर हार धुतला तर एक पाकळीसुद्धा हलली नव्हती, की कुठे चिकटली नव्हती.

पण रश्मी, तो हार पक्का झाला, सुंदर नाही झाला. माझ्या पाकळ्या वडाच्या पानांएवढ्या जाड, आणि जाळी खालून डोकावते. तू काढायचीस ती नाजूक वेलबुट्टी माझ्या हाताला येत नाही, आणि येणारही नाही. मला टिकवता येतं, तुला सजवता येतं. दोघींपैकी एकीने मशीन विकायची गोष्ट करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे.

आत्या लग्नाचं बोलली तेव्हा मी का लाजले, ते तुला एव्हाना कळलं असेल. कासा नाक्यावर आपल्यासाठी जीपमध्ये जागा धरून ठेवायचा ना, तो तळासरीचा उमेश. त्याच्या घरची माणसं गणपतीनंतर येऊन गेली. फेब्रुवारीत लग्न आहे. आई खऱ्या फुलांचे दागिने आणायचे म्हणते, पण मी सांगून टाकलंय की हळदीला मी दोऱ्याचे घालणार, आणि ते रश्मीच करणार. जाळी माझी, फुलं तुझी. भरल्या मांडवात, सगळ्या मावश्यांसमोर, माझ्या अंगावर पहिला तांब्या तूच ओतायचास. दोरा पांढराच लाव. हळदीने पिवळा झाला तर होऊ दे, तो मी धुणार नाही.

वाट बघणारी, तुझीच
सुनिता