वलांड्यांच्या जागेविषयी

मी, द्रौपदी धाकू कोळी, राहणार मार्वे, मालाड, डोकं ठिकाणावर ठेवून, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. शाळा पाहिली नाही. मासळी बांधायच्या वर्तमानपत्रांवर अक्षरं लावायला शिकले. चूकभूल पोटात घालावी.

हे गेल्यावर होडी मुलगा जयवंत याच्या नावे झालीच आहे. मालाड बाजारातली माझी बसायची जागा, कोयता आणि पाट्या लेक प्रेमा हिला. अट एकच: गिऱ्हाईक कितीही रुसलं तरी प्लास्टिकच्या पिशवीत मासळी द्यायची नाही. "मावशी, पिशवी नाही तर राहू दे," म्हणतात. राहू दे म्हणावं. उद्या घरची पिशवी घेऊन येतात.

आता वलांड्यांची जागा, म्हणजे आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घालायचं मागचं अंगण. इथेच लेक प्रेमा हिने जाळ्यात आलेली प्लास्टिकची पट्टी बोंबील समजून टांगली होती. आमच्या जमातीचे पाटील कुंडलिकभाऊ ओरडले, "काय गं, पिशव्यापण सुकवून विकतेस?" सगळी आळी हसली. मी मात्र जमातीत भांडून ठराव करून घेतला: जाळ्यात येईल ते प्लास्टिक परत दर्यात टाकायचं नाही, किनाऱ्यावर आणायचं. आणलं, पण ठेवायचं कुठे? कचऱ्याची गाडी मागायला महापालिकेत गेलो, तर एक साहेब म्हणाले, "बाई, समुद्र आमच्या हद्दीत येत नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही पापलेट खाता ते कुणाच्या हद्दीतलं?" साहेबांनी चहा पाजला, गाडी दिली नाही. आणि जागा नसेल तर मंडळी पुन्हा दर्यातच टाकणार.

म्हणून हे अंगण जमातीला द्यावं असं माझ्या मनात. जयवंतला तिथे खोली काढायची होती. पोरं वाढली, त्याचंही खोटं नाही. "आये, दर्या सगळ्यांचा, मग जागा आपलीच का द्यायची?" असं तो म्हणाला. अंगण त्याच्याच नावे लिहिलं.

काल वकिलांकडे सगळ्यांसमोर मसुदा वाचला. वकिलांनी बजावलं, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये. जयवंत उठून पुढे आला. मग म्हणाला, "दे गं पेन. मी साक्षीदार."

"अहो, तुमचा वाटा जाईल!" वकील म्हणाले.

"म्हणून तर."

तेव्हा अंगणाचं ते कलम खोडून लिहिते: गाडी सुरू होईपर्यंत अंगण जमातीचं. नंतर जयवंतच्या पोरांचं. त्यामुळे गाडीसाठी अर्ज करत राहणं आता त्यांच्याच हिताचं आहे.

हे वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

द्रौपदी धाकू कोळी
मार्वे, ९ नोव्हेंबर १९८७

समक्ष सह्या:
दत्ताराम पोशा कोळी, शेजारी
जयवंत धाकू कोळी, मुलगा