दिवेलागणीच्या आत

६ डिसेंबर १९७९, गुरुवार
भूगाव, सकाळी पावणेआठ

श्री. पुण्याहून पहाटे निघाले, पहिला टप्पा सुखरूप झाला. बावधनच्या खिंडीचा चढ सायकल हातात धरून चढले, पण उताराला भूगावपर्यंत फारसा पाय मारावा लागला नाही. वाईला बाबांनी शिकवलं होतं ते पाय तेवीस वर्षांत विसरले नाहीत. लग्नानंतर ह्यांनी सांगितलं, बायकांनी सायकल चालवू नये आणि दिवेलागणीच्या आत घरात असावं. ओरडून नाही. हे कधीच ओरडले नाहीत. सायकलची किल्ली करगोट्याला बांधली, आणि मी कुठे निघाले की दारात येऊन म्हणायचे, मागे फीर. मी फिरायची.

गेल्या वर्षी कार्तिकात हे गेले. महिन्यापूर्वी वर्षश्राद्ध यथासांग केलं, कशात कमी केलं नाही. आता ह्यांच्याच सायकलवरून मुळशी, ताम्हिणी करत कोकणात उतरायचं आणि समुद्र बघायचा. मी अजून पाहिलेला नाही. रात्रीपुरता शेजारच्या जयाचा कॉलेजातला तंबू आणलाय, एका माणसाचा. मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून आज राजगिऱ्याचे लाडू आणि गूळ-शेंगदाणे. दशम्या उद्याला. हिशेबाच्या वहीत मागे कोरी पानं उरली होती, त्यांवरच लिहितेय.

इथल्या हॉटेलवाल्या भिवाजींनी विचारलं, बाई, एकट्याच? आमच्या म्हातारीला बैलगाडीत बसवायची तर दोन मानसं लागत्यात. मग म्हणाले, समुद्र कुटं पळून चाललाय व्हय? मी म्हटलं, तो नाही, मीच पळून चाललेय. लई हसले.

निघताना बघते तर मुळशीकडे तोंड करून लावलेली सायकल पुण्याकडे तोंड करून उभी. एस.टी. वळवताना कुणी सरकवली असेल. यापुढे कुलूप लावीन.

पिरंगुट, सव्वानऊ

घाट जड गेला. चढ जड जातोच, पण उतारालाही पाय मारावा लागला. चाकात काही अडकलंय म्हणून तीनदा उतरून पाहिलं. काही नव्हतं. सवय मोडलीय, दुसरं काय. देवीचं स्तोत्र म्हणत आले, दम पुरला.

पौड, साडेअकरा

बाजारात फकरुद्दीन म्हणून सायकलवाले आहेत. पाठीमागचं चाक डुगडुगत होतं ते दाखवलं. चाक फिरवून म्हणाले, बाई, डबलशीट आलात ना? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, तुमच्या वजनानं आणि ह्या गाठोड्यानं तारा अशा सैल व्हायच्या न्हाईत. कॅरिअरचा बोल्टसुद्धा वाकलाय. चांगला भरला गडी बसला होता मागं. मग हळूच हसून म्हणाले, गावात शिरताना उतरवलं असंल तर बरं केलंत, लोक काय कमी बोलत्यात?

मी हसले नाही. तारा आवळून घेतल्या, रस्त्याच्या कडेला मुळशीकडे तोंड करून सायकल लावली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि समोरच्या नळावर पाणी प्यायला गेले. परत येते तो तोंड पुण्याकडे. फकरुद्दीनना विचारलं. ते म्हणाले, किल्ली तुमच्याकडं, मी कशाला हात लावू?

वळवून घेतली. जाणार तर आहेच.

मुळशी, दुपारी तीन

अक्षर वाईट येतंय.

धरणाच्या कडेला रस्त्यालगत एक घर. ओट्यावरून रंभाबाई नावाच्या बाईंनी हाक मारली, गुरुवारची सवाशीण दारावरनं तशीच चाललीय, हळदीकुंकू घेऊन जावा. मी दोन पावलं मागे सरले. म्हटलं, मला लागत नाही, माझे मालक गेले. त्या चिडल्याच. म्हणाल्या, सणावाराचं असलं वंगाळ का बोलता? मालक तितं सायकलीवर बसल्यात, आन् तुमी उघडं कपाळ घेऊन हिंडताय. आणि मी काही म्हणायच्या आत कुंकू लावून मोकळ्या झाल्या.

मी विचारलं, कुठे बसलेत? त्यांनी हनुवटीनं दाखवलं. कॅरिअरकडे.

तिथे माझा तंबू बांधलेला, बाकी कुणी नाही. सायकलचं तोंड पुण्याकडे.

विचारलं, दिसतात कसे. त्या म्हणाल्या, कानाला मफलर हाय. सारकं घड्याळ बघत्यात. लई घाई हाय जनू, बोलवा त्यांना, च्या टाकते.

ह्यांचं घड्याळ घरी कपाटात आहे. मी स्वतः ठेवलंय.

चहा न घेता निघाले.

पुढे, पाण्याच्या काठी, पावणेपाच

चाक हलेना. इथेच तंबू ठोकला, दार कोकणाकडे. पाण्याशी जाऊन कपाळ धुतलं. पदरानं कोरडं केलं. मागे वळले तो तंबू नाही. घडी घालून कॅरिअरवर बांधलेला. गाठ दोन पदरी, वर एक उलटा पीळ. हे दप्तराला मारायचे ती गाठ. जगात दुसरं कुणी तशी मारत नाही.

लाडवाच्या डब्याच्या झाकणात पाहिलं. कपाळावर कुंकू.

पुसलं. परत पाहिलं. आहे.

वर्षापूर्वी बायकांनी धरून माझं कुंकू पुसलं तेव्हा मी रडले होते. आज माझ्या हातानं पुसतेय आणि रडू येत नाही. ताम्हिणीच्या आई विंझाई, कुंकू तुझं आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. ह्यांच्या हातचं मात्र लावून घेणार नाही.

साडेपाच

ऊन डोंगराआड चाललंय. दिवेलागण जवळ आली, तसं कॅरिअर करकरायला लागलंय. कुणीतरी बसल्या बसल्या चुळबूळ करतं तसं.

मोठ्यानं बोलले. तेवीस वर्षांत ह्यांच्याशी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. म्हटलं, तुमचे दिवस केले, श्राद्ध केलं. तुम्ही होतात तोवर दरवेळी मागे फिरले. आता फिरायची नाही.

सायकलची घंटा वाजली. एकदा. दारात उभे राहून वाजवायचे तशी.

मग सायकल ढकलत पाण्यापर्यंत नेली. फार जड. बैल ओढावा तशी. म्हटलं, सायकल तुमची. पाय माझे. आणि सोडून दिली.

बुडाली. तंबूसकट. बुडबुडे बराच वेळ —

सहा. रस्ता

चालतेय. दशम्या आणि वही काखेत. मैलाच्या दगडावर टेकून लिहितेय. तोंड ताम्हिणीकडे.

मागे रस्त्यावर पाणी ठिबकल्याचा आवाज. आणि चाकाचा. तारा आवळलेल्या, तरी डुगडुग —

बघणार नाही. बघितलं की वळले म्हणून धरतील.

घंटा. जवळ.

समुद्र कुठल्या बाजूला ते मला माहीत आहे. पाय चालताहेत. चालत चालतच लिहि —

मागे फीर म्हणाले. कानाशी. ओरडून नाही.

नाही म्हटलं.

कपाळाला बोट. ओलं, गार. लावताहेत.

पुसलं. परत लावलं. पुसलं. पदर लाल झालाय, तरी पुढेच चाललेय. लावू देत किती लावतात ते, मी परत पुसीन, परत पु