चौथीच्या वर्गातली सभा

३ जुलै, गुरुवार

नवोपक्रम! दोन दिवस घरात हा एकच शब्द. प्रत्येक शिक्षकानं यंदा शिकवण्यात काहीतरी नवीन करून दाखवायचंय म्हणे. शिक्षण खात्याचे साहेब बघायला येणार. मी मॅट्रिक झाले तोवर आमच्या बाईंचा नवोपक्रम म्हणजे नवी छडी.

सूनबाईच्या शाळेत कुणी सिनेमासारखा पडदा आणलाय, कुणी थर्माकोलचा किल्ला. आमची वर्षाराणी म्हणते, "आत्ती, मी काहीच आणणार नाही. दर शनिवारी पोरांची सभा घेणार." खर्च नाही म्हणून मी गप्प बसले.

५ जुलै, शनिवार

सभा झाली. विषय – डबा खाताना कुणी कुठं बसायचं. वर्षाराणीनं विषय वाचायच्या आत सगळी पोरं ओरडली – मंजूर, मंजूर! आणि दप्तरं घेऊन उठली. नात तेजस्वी आईच्याच वर्गात, तिनं घरी सगळं करून दाखवलं.

पोरांनी आजवर सभा बघितली ती गावातल्या दूध संस्थेची. तिथं आमचे हे संचालक. दुसरं काय शिकणार!

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पद्धत बरोबर हाय की."

१२ जुलै, शनिवार

आज वर्गाच्या मंत्र्याची निवडणूक. विजयसिंह म्हणून एक उमेदवार. त्यानं सकाळी शाळेला निघालेले चार मतदार वाटेतच उचलून मामाच्या पोल्ट्रीवर नेऊन ठेवले. दुसऱ्या पार्टीनं फोडू नयेत म्हणून! भडंग खायला घातला. वर्षाराणी घाबरीघुबरी होऊन घरोघरी फोन करतेय, तोवर मतदानाच्या वेळेला चौघंही हात धरून ओळीनं हजर. अंगाला कोंबड्यांचा वास.

ह्यांनी मांडीवर थाप मारली. "पोरगं लांब जाणार."

वर्षाराणी घरी येऊन डोकं धरून बसली. चहासुद्धा निवला. मला वाटलं, संपला नवोपक्रम. थर्माकोलचाच किल्ला परवडला असता.

१४ जुलै, सोमवार

संकष्टी. मोदकाचं सारण हलवत होते, तर वर्षाराणी मागं येऊन उभी. नवीन नियम काढलाय म्हणे. सभेत ज्याला बोलायचंय त्यानं आधी दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं. तो "व्हय, बरोबर" म्हणाला, की मगच आपलं. म्हटलं, मग कुणाचं बोलून होणार? म्हणाली, "बघू या की."

१९ जुलै, शनिवार

साहेब येऊन गेले! बाकीच्या वर्गांत फोटो काढले. हिच्या वर्गात येऊन उभे राहिले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, यात नवीन काय?

मग तो पोल्ट्रीवाला विजयसिंह उठला. "सायबांचं म्हणणं असं हाय, की बाईंनी कायबी केलं न्हाय. बरोबर हाय न्हवं, साहेब?"

साहेब म्हणाले, मी तसं म्हटलं नाही.

"मग परत सांगा."

साहेबांनी परत सांगितलं. पोरानं परत म्हणून दाखवलं. तेही चुकलं. तिसऱ्या खेपेला कुठं साहेब हो म्हणाले. तोवर ते बाकावर बसले होते, पोरांच्यात. जाताना म्हणाले, बाई, चांगलं आहे, पण अहवालाला फोटो लागतो. पोरं ऐकतायत ह्याचा फोटो कसा काढायचा?

ह्यांना सांगताना मी हसले. हे हसले नाहीत. साहेबाला बाकावर बसवायचं म्हणजे जास्तच झालं म्हणे.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. अंबाबाईला जाऊन आले. घरी येते तर वर्षाराणीच्या हातात कागद – मुख्याध्यापक म्हणून बढती. शाळा चंदगड तालुक्यात. रोज जाऊन येण्यासारखं नाही. तिथंच राहायचं. तेजस्वीला घेऊन.

हे एकच शब्द बोलले – नामंजूर. मीही म्हटलं, घर कुणी बघायचं? पुण्याला लेकाला, उदयसिंहाला फोन लावला, तर त्यानं नेहमीसारखं तुम्हीच ठरवा म्हणून ठेवून दिला. वर्षाराणी "बरं आत्ती" म्हणाली आणि पीठ मळायला बसली. कितीतरी वेळ मळत होती.

२६ जुलै, शनिवार

देवीला ओटी बोलले. बढती रद्द होऊ दे.

२७ जुलै, रविवार

जेवणं झाल्यावर तेजस्वीनं आम्हाला उठूच दिलं नाही. सभा आहे म्हणाली.

पहिली पाळी ह्यांची. "तुझ्या आईचं म्हणणं, तिला आमच्यापासून सुटायचंय." वर्षाराणी म्हणाली, न्हाय मामा. परत म्हणाले – "पगार वाढतोय." तेही न्हाय. मग ह्यांना एकदम म्हशीला पाणी दाखवायची आठवण झाली.

माझी पाळी. म्हटलं, हिचं म्हणणं असं – एवढी वर्षं दुसऱ्याला विचारून शिकवलं. पोरांनी वर्गात बोललेलं चालेल का, हेसुद्धा विचारून. आता एक शाळा तिच्या हातात येतीय, तिथं पहिलीपासून असं शिकवून बघायचंय. आणि... आणि घरातून जायचंच, तर कुणी तोंड पाडून पाठवू नये.

वर्षाराणी खाली बघून म्हणाली, "व्हय आत्ती. बरोबर."

"आता तुझं सांग, आजी."

तोंड उघडलं. म्हटलं, माझं म्हणणं असं, की भाकरी... पुढं काही येईना! दोन दिवस एवढी बडबडत होते, आणि वेळेला नुसती भाकरी. माझ्याकडं म्हणणं नव्हतंच. ह्या दोघी गेल्यावर घर खायला उठणार, एवढंच होतं. ते पोरीसमोर बोलवेना.

देवीचं काय करायचं? ओटी द्यायची, मागणं परत घ्यायचं. चालत असेल ना?

२८ जुलै, सोमवार

हे बोलत नाहीत. जेवले मात्र दोन्ही वेळा.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

चंदगड. परवा एसटीनं ह्या दोघींबरोबर मीही आले. ह्यांना कुकर शिकवून. पाऊस थांबत नाही, आडवी काठी बांधून लुगडी घरातच वाळत घातलीत. वर्षाराणी नि तेजस्वी शाळेत गेल्या. इथल्या ग्रामदेवाला, रवळनाथाला जाऊन आले. भात टाकलाय.